प्राथमिक वर्गांतील इंग्रजी पाठ्यपुस्तकांचे मूल्यमापन

तमिळनाडूत कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या मार्गावर आडुतुरै हे लहानसे गाव लागते. कृषी अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना ते भातामुळे ठाऊक असते. येथील भात संशोधन केंद्र १९२२ साली स्थापन झाले आणि 'एडीटी' ही अक्षरे धारण करणारे भाताचे वाण याच गावाचे नाव घेऊन कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पसरले. १९६०-६१ मध्ये सुरू झालेल्या सघन कृषी जिल्हा कार्यक्रमात तंजावर जिल्ह्याची निवड झाली होती. त्या दशकातील 'एडीटी-२७' या वाणाचा उल्लेख हरितक्रांतीवरील अनेक ग्रंथांत आढळतो.

नवा वाण शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. प्रथम केंद्राच्या शेतात, नंतर निरनिराळ्या ठिकाणच्या मातीत आणि अखेरीस शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतात. येथील कुरुवै हंगामाचे पीक ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर कापणीला येते. त्यामुळे केंद्रात भरघोस उतारा देणारा, परंतु ओल लागताच लोंबीवरच कोंब फुटणारा वाण कितीही उत्तम दिसला तरी या प्रदेशाच्या कामाचा नसतो. निर्णायक परीक्षा शेवटच्या शेतात होते, आणि तीही प्रतिकूल हवामानात.

भाताच्या खरेदी-विक्रीच्या अभ्यासासाठी काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाचा मुक्काम आडुतुरैला होता. ज्या घराच्या माडीवर आम्ही उतरलो होतो ते तंजावरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबाचे होते. घरातील दुसरीत शिकणारी मुलगी रोज संध्याकाळी ओसरीवर बसून इंग्रजीचे पुस्तक मोठ्याने वाचत असे. उच्चार स्वच्छ, वेग चांगला. एके दिवशी वाचता वाचता तिच्याकडून दोन पाने एकदम उलटली गेली. तरीही तिचे वाचन थांबले नाही; न दिसणाऱ्या पानावरील मजकूर ती तितक्याच आत्मविश्वासाने म्हणत राहिली, बोट मात्र भलत्याच चित्राखालून फिरत होते. तिच्या आजींनी आपल्या मराठीत मला सांगितले की, पोरीला सगळे पुस्तक येते. एका अर्थाने ते खरेच होते.

ते पुस्तक मी नंतर चाळून पाहिले. छपाई सुबक होती, चित्रे रंगीत होती, बडबडगीते होती. कोणत्याही तज्ज्ञ समितीने त्याला बरे गुण दिले असते. मग त्या मुलीच्या बाबतीत ते पुस्तक यशस्वी म्हणावे की अयशस्वी? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना 'शासकीय योजनांचे मूल्यमापन' हा घटक परिचित असतो. पाठ्यपुस्तक हीदेखील सार्वजनिक खर्चाने तयार होणारी आणि लक्षावधी लाभार्थ्यांपर्यंत जाणारी योजनाच आहे, असे समजून तिच्याकडे पाहिल्यास त्या घटकातील अनेक संकल्पना स्पष्ट होतात.

समर्पण मूल्य

आयुर्विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी बंद केल्यास जी रक्कम हाती पडते तिला समर्पण मूल्य म्हणतात. हा शब्द भाषाशिक्षणात आणण्याचे श्रेय मायकेल वेस्ट यांना जाते. अविभाजित बंगालमध्ये ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असताना त्यांनी द्विभाषिकतेवर एक अहवाल लिहिला. तो १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे निरीक्षण साधे होते. इंग्रजीचा अभ्यासक्रम जणू प्रत्येक विद्यार्थी अखेरपर्यंत पोहोचणार आहे अशा समजुतीने आखला जातो, प्रत्यक्षात बहुसंख्य मुले वाटेतच शाळा सोडतात. पाया घालण्यातच तीन-चार वर्षे गेली आणि मूल तेथेच थांबले, तर त्याच्या हाती केवळ पाया राहतो, घर नाही. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाचे मोल ठरविताना तो अर्धवट सोडणाऱ्यास काय मिळते, हे प्रथम पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी स्वतः वाचनाला अग्रक्रम दिला आणि मर्यादित शब्दसंख्येची क्रमिक वाचनपुस्तके तयार केली. सुमारे दोन हजार उपयुक्त इंग्रजी शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये आली आणि पुढील अनेक दशके पाठ्यपुस्तककारांच्या टेबलावर राहिली.

सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचन आधी की बोलणे आधी, या प्रश्नाचे वेस्ट यांनी दिलेले उत्तर आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. त्यांची मोजपट्टी मात्र टिकाऊ आहे. फक्त 'सोडणे' या शब्दाचा अर्थ बदलला आहे. त्या काळी मूल शाळा सोडत असे. आता प्राथमिक स्तरावर बहुतेक मुले शाळेत असतात, पण त्यांपैकी अनेकांनी शिकणे वर्गात बसल्या बसल्याच सोडलेले असते. 'असर'च्या २०१६ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत पाचवीतील २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली. आठवीत हे प्रमाण ४५.२ टक्के होते. २००९ मध्ये आठवीत ते ६०.२ टक्के होते. ही आकडेवारी पाठ्यपुस्तकाचा दोष सिद्ध करीत नाही, कारण त्याच काळात नोंदणी वाढली आणि पूर्वी बाहेर राहणारी मुले वर्गात आली. तथापि, अर्ध्याहून अधिक मुलांची पॉलिसी मुदतीपूर्वीच बंद पडते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

या अर्धवट ज्ञानाला बाजारात किंमत आहे काय? मेहतबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी २००५ च्या भारतीय मानवी विकास सर्वेक्षणाच्या आधारे केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, शिक्षण, सामाजिक गट, वास्तव्याचे ठिकाण आदी घटक विचारात घेतल्यावरही अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे ताशी वेतन इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी, तर थोडेफार इंग्रजी येणाऱ्यांचे १३ टक्क्यांनी अधिक आढळले. विद्यार्थ्यांनी येथे सहसंबंध व कार्यकारणभाव यांतील भेद विसरू नये. शिवाय भाषेचे ज्ञान उत्तरदात्यांनी स्वतः सांगितलेले होते. या मर्यादा मान्य करूनही त्या १३ टक्क्यांकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. अपुऱ्या इंग्रजीचेही समर्पण मूल्य आहे. प्रश्न एवढाच की, ते अपुरे ज्ञान वापरता येण्याजोगे असावे, पाठांतर नसावे.

'दुसरी भाषा' कोणाची कितवी?

पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनेत इंग्रजीला सर्रास दुसरी भाषा म्हटले जाते. आडुतुरैच्या त्या ओसरीवर ती तिसरी होती. घरात मराठी, गल्लीत व शाळेत तमिळ, आणि पुस्तकात इंग्रजी. कुंभकोणमच्या सौराष्ट्र विणकर कुटुंबांतील मुलांचीही हीच स्थिती. १९६८ पासून तमिळनाडूचे धोरण द्विभाषिक आहे. त्या दोन भाषांत या मुलांची घरची भाषा येत नाही. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करण्यास राज्यांना सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ 'शक्य असेल तेथवर' मातृभाषेचे माध्यम मागते, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या अथवा स्थानिक भाषेच्या माध्यमाची शिफारस करते. तिन्ही तरतुदींतील सशर्त शब्दयोजना परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावी.

या भागाला भाषांच्या अशा गुंतागुंतीची जुनी सवय आहे. तंजावरचे रेसिडेंट जॉन सुलिव्हन आणि मिशनरी श्वार्ट्झ यांच्या पुढाकाराने १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाथपुरम व शिवगंगा येथे इंग्रजी शाळा निघाल्या. श्वार्ट्झ यांच्या सहवासात वाढलेल्या सरफोजी राजांनी पुढे तंजावरला छापखाना घातला आणि तेथे १८०६ मध्ये 'बालबोधमुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले. परभाषेतील गोष्ट मुलाला आधी त्याच्या भाषेत द्यावी, हा विचार त्यामागे दिसतो. शंभर वर्षांनी याच परिसरातील कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात इंग्रजी निबंधात अनुत्तीर्ण झाल्यामुळे श्रीनिवास रामानुजन यांची शिष्यवृत्ती गेली. भाषेची परीक्षा भलत्या गोष्टीची परीक्षा ठरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

घरच्या भाषेचा हा प्रश्न पुस्तकाच्या बांधणीतही उतरतो. तमिळनाडूने २०१० च्या कायद्याने समान शालेय शिक्षणपद्धती स्वीकारली. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०११ च्या निर्णयानंतर ती अमलात आली. २०१२-१३ पासून सत्रनिहाय पुस्तके आली तेव्हा तमिळ आणि इंग्रजी एकाच खंडात बांधण्यात आली. उद्देश दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता. परंतु एका बांधणीत असूनही दोन्ही भाषांचे पाठ एकमेकांशी बोलत नाहीत, अशी माझी त्या संध्याकाळी खात्री झाली. महाराष्ट्राने २०२२-२३ मध्ये पहिलीसाठी आणलेल्या एकात्मिक पुस्तकांत मराठी आशयासोबत इंग्रजी शब्द देण्याचा प्रयत्न झाला. पद्धत वेगळी असली तरी प्रश्न तोच आहे: मुलाला जे आधीच कळते, त्याच्या आधाराने नवे शब्द येतात की नाही?

महाराष्ट्राचा अनुभव

माझ्या पिढीने जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत इंग्रजीचे पहिले अक्षर गिरवले. तोवर मराठी वाचन पक्के झालेले असे, आणि घरात कोठेतरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा जीर्ण भाग असेच. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. यामागील सामाजिक न्यायाची भूमिका प्रामाणिक होती. खासगी शाळेचे शुल्क देऊ शकणाऱ्यांनाच बालपणी इंग्रजी मिळावे, हे असमर्थनीय होते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाला, म्हणजे 'बालभारती'ला, ज्या शिक्षकांनी इंग्रजी बालवर्गाला कधी शिकवलेच नव्हते त्यांच्यासाठी पुस्तक तयार करावे लागले. म्हणून पहिल्या इयत्तांत ऐकणे व बोलणे यांना प्राधान्य देण्यात आले.

येथे संधी खर्चाची संकल्पना उपयोगी पडते. पुस्तकाची छपाई हा या योजनेतील सर्वांत लहान खर्च. मोठा खर्च तासिकांचा. पहिलीतील मुलाची रोजची एक तासिका इंग्रजीला दिली, तर ती कशातून तरी काढावी लागते. ती मराठी वाचनातून गेली आणि वाचनच कच्चे राहिले, तर नुकसान दोन्ही भाषांत होते, कारण एका लिपीत वाचायला शिकलेले मूल दुसऱ्या लिपीकडे रिकाम्या हाताने जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय राज्यात घेतला गेला आणि २९ जून २०२५ रोजी मागे घेण्यात आला. त्या वादात अस्मितेची चर्चा पुष्कळ झाली, तासिकांच्या हिशेबाची मात्र फारच थोडी.

मागणीची बाजूही विसरता येत नाही. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधील शाळांच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदींवर आधारित लेख २००६ मध्ये प्रसिद्ध केला. श्रमिक जातींतील मुलगे जातीच्या जाळ्यातून मिळणाऱ्या नोकऱ्यांमुळे मराठी माध्यमात राहिले, तर त्या जाळ्याबाहेर असलेल्या त्याच जातींतील मुली अधिक वेगाने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या, असे त्यांना आढळले. पालक इंग्रजीकडे जातात ते केवळ हौसेने नव्हे. ते उपलब्ध संधींचा हिशेब करतात.

पान मोजावे कसे?

पुस्तकाच्या परीक्षणासाठी तज्ज्ञ प्रश्नावल्या वापरतात: आशय वयानुरूप आहे काय, चित्रे ठळक आहेत काय, स्त्री-पुरुष समानता आहे काय, स्थानिक संदर्भ आहेत काय. या प्रश्नांचे महत्त्व आहे, परंतु त्यांची उत्तरे परीक्षकाच्या रुचीवर अवलंबून राहतात. त्यापेक्षा एक साधी मोजणी कोणीही करू शकतो. समजा, तिसरीच्या एका पाठात एकूण १२० शब्द आहेत आणि त्यांपैकी २४ नवे आहेत. म्हणजे मुलाला दर पाचव्या शब्दाला अडखळावे लागते. पानाचा अर्थ लावण्याऐवजी ते पान पाठ करणे हाच अशा मुलासाठी शहाणपणाचा मार्ग ठरतो. दुसऱ्या पुस्तकातील तेवढ्याच लांबीच्या पाठात सहाच नवे शब्द आहेत, म्हणजे वीस शब्दांत एक. येथे ओळखीच्या शब्दांच्या आधाराने अर्थाचा अंदाज बांधता येतो. पुढची मोजणी अधिक महत्त्वाची आहे. त्या नव्या शब्दांपैकी किती शब्द पुढील पाठांत पुन्हा भेटतात? पुस्तकभर एकदाच येणारा शब्द परीक्षेपुरता जगतो. वेस्ट यांनी आपल्या वाचनमालेत नव्या शब्दांतील अंतर वाढवले आणि आवृत्ती वाढवली, ती याचसाठी. आडुतुरैच्या पुस्तकात मी घाईघाईने मोजले तेव्हा चित्रासोबत आलेले बरेच शब्द पुन्हा कोठे भेटले नाहीत.

मोजणीलाही मर्यादा आहेत. बडबडगीतात शब्द कठीण असले तरी चालतात, कारण तेथे लय काम करते. आणि ज्या वर्गात शिक्षक पुस्तक बाजूला ठेवून मुलांशी इंग्रजीत खेळतो, तेथे ही आकडेमोड फारशी काही सांगत नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर व मद्रास परिसरातील काही वर्गांत नकाशे, वेळापत्रके, कोडी अशा कृतींतून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. त्यात नेहमीसारखे पाठ्यपुस्तकच नव्हते. तो प्रयोग गाजला, त्याचे बाह्य मूल्यमापनही झाले. परंतु अशा शिक्षकांची संख्या कशी वाढवायची, या प्रश्नाने तत्कालीन मद्रास राज्याला आधीच गाठले होते. १९६० च्या आसपास तेथे २७,००० प्राथमिक शिक्षकांना साखळी पद्धतीने, एका गटाने दुसऱ्या गटाला, प्रशिक्षण देण्याची मोहीम आखली गेली. साखळी जितकी लांब, तितका आशय पातळ, हा धोका अशा प्रत्येक मोहिमेत असतो. म्हणून सामान्य शिक्षकाच्या हाती पुस्तकच उरते, आणि त्याची परीक्षा सामान्य शिक्षकाच्या वर्गातच घ्यावी लागते.

पूर्व, समवर्ती आणि पश्चात् मूल्यमापन

योजना आयोगाने १९५२ मध्ये कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. तेव्हापासून मूल्यमापनाचे तीन टप्पे आपल्या प्रशासनात रूढ आहेत. योजनेपूर्वीचे, योजना चालू असतानाचे आणि योजनेनंतरचे. आता हे काम नीती आयोगाच्या विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयाकडे आहे. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत पहिला टप्पा बऱ्यापैकी पाळला जातो. विषय समित्या, अभ्यासगट, शिक्षकांच्या समीक्षा बैठका होतात. दुसरा टप्पा अभिप्रायाच्या पत्रांपुरता राहतो. तिसरा जवळजवळ होतच नाही. नवे पुस्तक येते ते बहुधा आराखडा बदलल्यामुळे. जुन्या पुस्तकाने मुलांना काय दिले, याची मोजणी त्या बदलामागे क्वचितच असते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर एनसीईआरटीची 'मॅरीगोल्ड' मालिका आली आणि नव्या धोरणानंतर २०२३ मध्ये पहिली-दुसरीसाठी 'मृदंग'ने तिची जागा घेतली. दोन्हींच्या वापरानंतरच्या परिणामांची तुलना करणारी पाहणी हे उत्तम संशोधनकार्य होईल.

अशी पाहणी काय दाखवू शकते, याचा दाखला केनियातून मिळतो. पॉल ग्लेव्ह, मायकेल क्रेमर आणि सिल्वी मूलाँ यांनी ग्रामीण केनियातील शंभर शाळांच्या संचातून यादृच्छिक पद्धतीने पंचवीस शाळा निवडून त्यांना १९९६ मध्ये शासनमान्य पाठ्यपुस्तके पुरवली. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी गुणांत वाढ दिसली नाही. वाढ झाली ती आधीपासूनच पुढे असलेल्या मुलांची. पुस्तके इंग्रजीत होती, आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. वर्गातील सामान्य मुलाला ती नीट वाचताच येत नव्हती. क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत मिळाले, हे परीक्षार्थींना माहीत असतेच. त्यांचा हा निष्कर्ष मात्र सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

महाराष्ट्रात 'प्रथम' संस्थेच्या इंग्रजी उपक्रमाचे असेच यादृच्छिक मूल्यमापन झाले. त्यात चित्रावर बोट टेकवताच शब्द उच्चारणारे यंत्र आणि चित्रकार्डांचे खेळ अशा पद्धती होत्या. सरासरी प्रगती चांगली झाली, परंतु ती सर्वांना सारखी लाभली नाही. हुशार मुलांना आपल्या गतीने यंत्रावर शिकणे अधिक फळले, तर मागे पडलेल्या मुलांना शिक्षकाने घेतलेले खेळ. सरासरी आकड्यावर थांबणाऱ्या अहवालात हा फरक दिसला नसता. पाठ्यपुस्तकाचा अहवाल वाचताना परीक्षार्थींनी प्रथम तळाच्या पंचमांश मुलांचा रकाना शोधावा. तो नसेल, तर तसे उत्तरात लिहावे.

आडुतुरै सोडण्याच्या आदल्या दिवशी आमच्या खोलीबाहेर प्रमाणित बियाण्यांची काही पोती आणून ठेवली होती. ती दुसरीतील मुलगी पोत्याजवळ उकिडवी बसली आणि त्यावरील ठळक अक्षरांवर बोट ठेवून तिने एकेक अक्षर सुटे सुटे वाचले: ए, डी, टी. मग पुढचा आकडा आजीला मराठीत सांगितला. ही अक्षरे तिच्या पुस्तकात या क्रमाने कोठेच नव्हती.